वाहतं पाणी जलरंगात हलताना दिसतच नाही, काय करावं?

सात_रस्ता
नमस्कार मंडळी. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली, नंतर नोकरी-संसारात ब्रश सुटला तो सुटलाच, आता पोरगी मोठी झाली म्हणून परत जलरंग काढलेत. झाडं, जुने वाडे, भुईकोट किल्ल्याचा तट हे बऱ्यापैकी जमायलंय. गाडी अडलीय ती पाण्यापाशी. मागच्या रविवारी नळदुर्गच्या किल्ल्यावर गेलतो, बोरी नदीला पाणी आलंय त्यामुळं नर आणि मादी दोन्ही धबधबे चालू, पाणी महालाच्या खिडकीत उभारलं की समोरनं पाणी कोसळतंय, भारीच. घरी येऊन मोबाइलच्या फोटोवरनं काढायला बसलो. भिंत आली, काळा दगड आला, पण पाणी म्हणजे तटावर कुणीतरी सोलापुरी चादर वाळत टाकलीय असं दिसायलंय. पांढरे-निळे पट्टे आणि बास.
यूट्यूबवर जे शिकवतात ते सगळे तिकडचे ओढे, तळातले गोटे दिसतात, निळंहिरवं स्वच्छ पाणी. आपल्याकडं पावसाळ्यात तसलं पाणी कुठं असतंय, सगळं गढूळ. तर विचारायचं असं की सुरुवात कुठनं करायची, आणि सोलापुरात बसून वाहत्या पाण्याचा सराव करायचा तरी कुठं.

बाळीवेसकर
सोलापूरचा माणूस आणि चादर नाही काढणार तर काय काढणार बे. फ्रेम करून विक, टेक्स्टाइल आर्ट म्हणून दुप्पट भाव येईल.
जोक सोडा, चित्र टाका की इथं.

ओलाकागद
दादा, कागद कुठला वापरताय, किती जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे किती जाड)? आणि पाणी कितव्या नंबरला रंगवता, आधी का शेवटी? हे दोन सांगा, मग बोलू. माझा अंदाज आहे की तुम्ही पाण्याला निळा रंग दिलाय आणि भिंत नंतर केलीय.

सात_रस्ता
कागद दोनशे जीएसएमचा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो, पाणी लावलं की फुगतो. आणि हो ताई, पाणी आधी केलं, निळं, मग भिंत. कसं ओळखलं?

मास्तर_रिटायर्ड
सगळे असंच करतात म्हणून ओळखलं. मी बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, "नदीचे दृश्य" म्हटलं की पोरं आधी निळा उघडायची. भीमेच्या काठची पोरंसुद्धा. रोज मातकट नदी बघून शाळेत यायची आणि कागदावर निळी नदी.

आता तुझ्या प्रश्नाचं. फोटो आधी बाजूला ठेव. वाहतं पाणी बघायला बस, हातात पेन्सिल न घेता. ओढ्यात एक दगड निवड आणि त्याच्याभोवतीच बघत राहा. पहिल्यांदा नुसती गडबड दिसेल, डोळा पाण्यामागं पळतो, पाणी निघून जातं, डोळा परत येतो, परत पळतो. थोड्या वेळानं पळायचा कंटाळा येतो आणि तेव्हा खरं दिसायला लागतं. दगडाच्या वरच्या अंगाला पाण्याचा एक फुगवटा आहे, तो हलत नाही. दगडाच्या दोन्ही बाजूंनी पाणी तिरकं खाली उतरतंय, त्या दोन कडाही जागच्या जागी. दगडाच्या मागं पाणी उलटं वळून दगडाकडेच येतंय, तिथं काडीकचरा गोल फिरत बसलाय. त्याच्याखाली एक-दोन उभ्या लाटा आहेत, त्या खाली जात नाहीत, तिथंच उठतात, तिथंच फुटतात. पाणी दर क्षणाला नवं आणि आकार तोच. तुला काढायचाय तो आकार. जे पळतंय त्याच्या नादी लागलास की पट्टेच हाती येणार.

लिओनार्दोनं हेच केलंय. आडव्या फळीला धडकून पाणी कसं फिरतं, वरून पडलं की खाली कसे भोवरे होतात, याची त्याची रेखाटनं इंग्लंडमध्ये विंडसरच्या संग्रहात आहेत, १५१० च्या आसपासची. त्यात निळा नाही की पांढरा नाही, नुसत्या रेघा, तरी पाणी धावतंय. म्हणजे हलणं हे रंगात नसतं, रेघ कुठून निघाली आणि कुठं वळली त्यात असतं.

सराव कुठं करायचा विचारतोस? घरी हौद आहे का? नळ आला की हौदात पडणारी धार काढ. धबधबाच आहे तो.

बाळीवेसकर
मास्तर, नळ येतोय चार-पाच दिवसांनी, तोपर्यंत रंग वाळून जातील की ओ.

क्युसेक
मास्तरांच्या हौदाला माझा पाठिंबा. मी पाटबंधाऱ्यातला माणूस, चित्रातलं काही कळत नाही पण बायको रंगवते त्यामुळं हा धागा वाचायलोय. पाणी पडतं कसं एवढं मी सांगू शकतो.

समजा २० मीटरवरनं पाणी पडतंय. तळाला पोचायला त्याला साधारण २ सेकंद लागतात. पण पहिल्या सेकंदात ते फक्त ५ मीटरच्या आसपास खाली येतं आणि उरलेले १५ मीटर दुसऱ्या सेकंदात. म्हणजे धबधब्याचा वरचा चौथा भाग आणि खालचे तीन भाग, दोन्हीला वेळ सारखाच. तळाला पोचताना वेग ताशी ७० किलोमीटरच्या घरात जातो. पाणी जेवढं वर आहे तेवढंच खाली आहे, मग वेग वाढला की काय होणार, ते ताणलं जाणार, पातळ होणार आणि शेवटी तुटणार. म्हणून सांडव्याच्या ओठावर पाणी एकसंध असतं, काचेवाणी नितळ म्हणा, त्यातनं मागचा दगड पण दिसतो. मधे त्याला चिरा पडतात. खाली नुसते तुकडे आणि तुषार. तुमचे पट्टे वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचे असतील तर ते पाणी पडत नाही, ते टांगलंय.

आणि नर-मादीला पाणी सलग येत नाही, ढकलत येतं. एक झोत येतो, मग जरा विरळ, परत झोत. फोटोत त्यातला एकच क्षण सापडतो.

सात_रस्ता
"पडत नाही, टांगलंय" हे लै लागलं साहेब 😄 पण एकदम बरोबर, आत्ता चित्र समोर घेऊन बघितलं, वरनं खालपर्यंत सगळे पट्टे एकच जाडीचे आहेत.

ओलाकागद
आता माझं ऐका. शास्त्र कळलं तरी कागदावर उतरवायला क्रम लागतो.

जलरंगात धबधबा आपण रंगवत नाही, धबधब्याच्या मागची भिंत रंगवतो. कागद कोरा ठेवायचा तेच पाणी. नळदुर्गचा दगड काळा बसाल्ट, त्यात ओला, म्हणजे अजून काळा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट कालवा, काळा ट्यूबमधला वापरू नका, मेल्यासारखा दिसतो. मग पाण्याच्या धारांमधल्या फटी त्या रंगानं भरत जा. वरच्या बाजूला फटी थोड्या आणि बारीक, खाली जाताना जास्त आणि लांबट, कडा फाटलेल्या. क्युसेक सर म्हणतात ते ताणणं-तुटणं इथं येतं. ब्रश कोरडा घ्या, फडक्याला टिपलेला, आणि कागद रफ असेल तर ब्रश आडवा धरून वरून खाली झटकन ओढा, दाणेदार फाटकी कड आपोआप मिळते. हात दाबून सुरू करायचा आणि उचलत न्यायचा. उलटं केलं, म्हणजे खालून वर, तर पाणी वर चढल्यागत दिसतं, करून बघा खोटं वाटत असेल तर.

भिंत झाली, वाळली, की मग पाण्यावर सावली. पाणी पांढरं असलं तरी सगळीकडं पांढरं नसतं. डोळे किलकिले करून बघा, ऊन नसलेल्या भागातला फेस हा उन्हातल्या दगडापेक्षा गडद असतो बऱ्याचदा. हलका करडा, त्यात जरा निळसर जरा मातकट, मोठ्या ब्रशनं एकदाच फिरवायचा आणि सोडून द्यायचं. खरा कोरा कागद दोन-तीन ठिकाणीच शिल्लक राहिला पाहिजे, जिथं ऊन पडलंय तिथं. पायथ्याला तुषार असतो तिथं कागद आधी ओला करून ठेवा, भिंतीचा रंग त्यात विरघळू द्या, वाटलं तर टिश्यूनं टिपा. वर कडा धारदार, खाली कडा विरलेली, एवढ्यावर निम्मं काम होतं.

आणि तो दोनशेचा कागद भाचीला द्या. तीनशे जीएसएम, जमलं तर कॉटन, महाग पडतो पण मोठा ताव घेऊन त्याचे आठ तुकडे करा, सरावाला तेवढे बास. फुगणाऱ्या कागदावर पाण्याचं डबकं होतं आणि आपण समजतो आपल्याला येत नाही.

मंगळवारपेठ
एवढा खटाटोप कशाला? ॲक्रेलिक घ्या, आधी काळी भिंत, वरनं पांढऱ्यानं धबधबा, दहा मिनिटांचं काम. जलरंगात पण पांढरा पोस्टर कलर चालतोय की, आम्ही इंटरमिजिएटला तेच केलंय, ए ग्रेड.

ओलाकागद
चालतोय, पण दिसतोय. कागदाचा पांढरा आतून येतो आणि पोस्टरचा पांढरा वर बसतो, एकाच चित्रात दोन्ही आले की पोस्टरचा लगेच खडूसारखा कळतो.

मास्तर_रिटायर्ड
बाई, इथं मी तुमच्याशी सहमत नाही. पांढरा वापरणं म्हणजे काही चोरी नाही. इंग्रज चित्रकार टर्नरनं निळ्या कागदावर अपारदर्शक रंगात नद्या रंगवल्यात, जलरंगातला त्याच्यापेक्षा मोठा माणूस दाखवा. फक्त पांढरा आहे तसा ट्यूबमधून लावायचा नाही, त्यात शेजारचा करडा थोडा मिसळायचा, आणि शेवटच्या पाच मिनिटांत, उडालेल्या थेंबांना आणि एखाद्या पातळ धारेला. मोठा प्रवाह पांढऱ्यानं केला तर मात्र तुम्ही म्हणता तसंच होतं.

ओलाकागद
सर, थेंबांपुरतं मान्य. त्यापुढं नाही. माझ्याकडं थेंबांसाठी ब्लेड आहे, पूर्ण वाळल्यावर टोकानं खरवडते. किंवा मेणबत्ती, रंग लावायच्या आधी कागदावर घासायची, मेणावर रंग चढत नाही, उन्हात चमकणाऱ्या पाण्याला एक नंबर. मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राहावा म्हणून लावायचं रबरी द्रावण) मात्र आपल्याकडं जपून. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर लावून ऊन खात ठेवलं की कागदाला असं चिकटतं की काढताना कागदाची साल निघते. सावलीत लावा, वाळलं की लगेच रंगवा, लगेच काढा. आणि ब्रशला आधी साबण लावून मग बुडवा, नाहीतर ब्रश गेला म्हणून समजा.

मंगळवारपेठ
सोलापुरात ओल्यावर ओलं (ओल्या कागदावर ओला रंग) होतंच कुठं, बेचाळीस डिग्रीला ब्रश कागदापर्यंत जाईस्तोवर वाळतोय.

ओलाकागद
कागद दोन्ही बाजूंनी भिजवायचा आणि ॲक्रेलिक शीटवर किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवायचा, खालून ओल टिकते. पंखा बंद. पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब, जास्त नको, चिकट होतं. सगळ्यात सोपं म्हणजे सकाळी सातच्या आत उरकायचं.

सात_रस्ता
परवा नळ आला. पहाटे साडेचारला. बायको म्हणाली घागरी भरा आधी, चित्रं मागनं. भरल्या. मग हौदाच्या कठड्यावर बसलो, पोरीनं मोबाइलचा टॉर्च धरला आणि मास्तर म्हणाले तसं नुसतं बघत बसलो.

जे दिसलं ते लिहितो. तोटीतनं निघाल्या निघाल्या धार जाड आणि एकदम शांत, हलतेय का नाही कळत नाही, त्यातनं पाठीमागची भिंत उलटी-वाकडी दिसती. वीतभर खाली आल्यावर ती बारीक होती आणि तिला पीळ पडतोय, पीळ वरनं खाली येत नाही, एकाच जागी दिसतोय. अजून खाली धारेला गाठी येतात आणि मग तुटती. पोरगी म्हणली पप्पा नळ थोडा बंद करा, केला, तर तुटायची जागा वर सरकली. जिथं पडतंय तिथं खड्डा, खड्ड्याभोवती बुडबुडे, ते बुडबुडे धारेपासनं लांब ढकलले जाऊन हौदाच्या काठाला गोळा झालेत. आणि गोल तरंग: पलीकडच्या काठाकडं बघितलं की चपटे, जवळजवळ, आणि माझ्याकडच्या बाजूला मोठे, मोकळे.

ह्याचं पेन्सिलनं काढलं. पहिल्यांदा वाटलं की हे पडतंय.

मास्तर_रिटायर्ड
शाब्बास. पोरीला पण शाब्बास, नळ कमी कर हे तिला सुचलं.

तो चपट्या तरंगांचा मुद्दा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेव. नदी काढताना लोक सगळीकडं एकाच मापाच्या लाटा काढतात, मग नदी उभी भिंत होते. जवळ मोठ्या, लांब गेलं की आडव्या बारीक रेघा, आणि अगदी लांब तर रेघासुद्धा नकोत.

क्युसेक
धार बारीक होते त्याचं कारण तेच, मगाचंच. सेकंदाला जेवढं पाणी तोटीतनं निघालं तेवढंच खालून जाणार, वेग वाढला तर जाडी कमी झालीच पाहिजे. नर-मादीला पण हेच, फक्त आकडे मोठे.

कंबरतलाव
मधेच विचारतो, वाहतं नाही पण हलतं पाणी. सिद्धेश्वर तलावावर सकाळी बसतो मी, मंदिराचं प्रतिबिंब काढायला. वारा नसला की जमतं. वारा सुटला की प्रतिबिंब नुसतं खाली लांबत जातं आणि मधेच पाण्याचा एखादा पट्टा एकदम फिका पडतो. तो पट्टा कसला?

ओलाकागद
तो वाऱ्याचा पट्टा. तिथं पाण्यावर बारीक शहारे आलेत, प्रत्येक शहारा तिरका, त्यामुळं तो मंदिर न दाखवता वरचं आभाळ दाखवतो. ब्रश स्वच्छ करून ओलसर चपट्या ब्रशनं आडवी एकच ओढ, रंग उचलला जातो, तोच पट्टा. कडा एका बाजूला धारदार ठेवा.

प्रतिबिंब लांबतं पण बाजूला सरकत नाही, वस्तूच्या सरळ खालीच असतं. शिखर इकडं आणि प्रतिबिंब तिकडं असं झालं की सामान्य माणसालाही काहीतरी चुकलंय कळतं, काय ते सांगता येत नाही. आणखी एक, प्रतिबिंब म्हणजे वरचं चित्र उलटं करून चिकटवणं नव्हे. पाण्यातनं बघितलं की आपण खालून बघतोय असं दिसतं, पुलाचं उदाहरण घ्या, वर रस्ता दिसतो आणि पाण्यात पुलाची पोटाकडची बाजू. गडद वस्तू पाण्यात जराशी फिकी, फिकी वस्तू जराशी गडद.

सीनाकाठ
मी चित्रं काढत नाही. मोहोळ तालुक्यातला आहे, शेती नदीकाठाला. तुम्ही गढूळ पाणी गढूळ पाणी म्हणताय म्हणून लिहितोय.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला तो मी आमच्या वस्तीच्या माळवदावरनं बघितलाय. लोक पुराचं चित्र काढतात त्यात लाटा उसळताना दाखवतात. आमच्या शेतात आलेलं पाणी उसळत नव्हतं. सपाट होतं. ऊस उभा होता त्याचे नुसते शेंडे दिसत होते आणि ते शेंडे एका बाजूला वाकून थरथरत होते, त्यावरनं कळायचं की पाणी पळतंय. मधेच कुठंतरी खालनं पाणी वर फुगून यायचं, मोठं ताटाएवढं, गुळगुळीत, आणि पसरून जायचं. कडबा, ड्रम, पाइप, सगळं एका वेगात चाललेलं, मागंपुढं नाही. आवाज मोठा नव्हता. रंग तांबडा नव्हता, आमची माती काळी, पाण्याचा रंग राखेत माती कालवल्यागत, आणि वर आभाळ भरलेलं म्हणून त्यावर शिशाची चमक. विजेच्या खांबाची सावली पडली नव्हती कारण ऊनच नव्हतं.

काढायचं असेल तर हे काढा. फक्त छान दिसेल असं काढू नका एवढीच विनंती.

सात_रस्ता
दादा, काय बोलावं कळेना. लिहिलंत ते बरं केलंत.

मास्तर_रिटायर्ड
तुम्ही चित्र काढत नाही म्हणता, पण इथल्या सगळ्यांत नीट तुम्ही बघितलंय. खालून फुगून येणारं ते गुळगुळीत वर्तुळ, ते तळातून उसळी मारलेलं पाणी, खोल आणि वेगवान नदीतच दिसतं. मी पंढरपूरला जुन्या दगडी पुलाच्या वरच्या अंगाला बघितलंय, उजनी धरणातून पाणी सोडलं होतं तेव्हा. पुंडलिकाच्या देवळाच्या भिंतीला पाणी टेकलेलं आणि देवळाच्या खालच्या अंगाला लांबवर एक शांत पट्टा, दोन्ही बाजूला पळतं पाणी. त्या शांत पट्ट्यामुळंच बाकीचं पळतंय हे कळत होतं.

उसाच्या शेंड्याचं तर मी वहीत टिपून घेतलं. पाणी पळतंय हे पाण्यात दाखवायची गरजच नाही, त्यात अडकलेल्या वस्तूत दाखवा.

गढूळ पाण्याचं रंगाचं गणित वेगळं. नितळ पाण्यात पायाजवळ तळ दिसतो आणि लांबवर आभाळ. गढूळ पाण्यात तळ नाहीच, पायाजवळ मातीचा रंग आणि लांबवर त्यात आभाळ मिसळत जातं. म्हणून खालून वर जाताना मातकटातून करड्याकडे हळूहळू सरकायचं, एका ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थरात. यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि त्यांना मारायला अल्ट्रामरीन. कोकणातली नदी असेल तर सिएना वाढवा, आपल्याकडं अल्ट्रामरीन. आणि सावली: नितळ पाण्यावर झाडाची सावली नीट पडत नाही, गढूळ पाण्यावर जमिनीवर पडावी तशी पडते. ऊन असेल तर ती दाखवली की पाणी गढूळ आहे हे न सांगता कळतं.

बाळीवेसकर
एम. एफ. हुसेन पंढरपूरचेच ना, १९१५ चा जन्म. भीमेकाठी जन्मून माणसानं घोडेच काढले, पाण्याच्या भानगडीत पडले नाहीत. शहाणा माणूस.

मंगळवारपेठ
मला एक सांगा, एवढं सगळं हुबेहूब करायलाच पाहिजे का? आपल्या जुन्या लघुचित्रांत पाणी म्हणजे टोपलीच्या विणीगत रेघा असतात, मधे मासे, कमळं, बदकं. कोण म्हणतं ते पाणी नाही?

मास्तर_रिटायर्ड
कुणीच म्हणत नाही. जपानी चित्रकार होकुसाईची ती कानागावाची मोठी लाट, १८३१ च्या सुमाराची, ती तरी कुठं हुबेहूब आहे, लाकडी ठशाचं काम, प्रशियन निळा आणि फेसाला नखं. पण त्या माणसानं लाट फुटताना कुठं वळते ते बघितलं होतं, नंतर सोपी केली. विणीच्या रेघांचंही तसंच, प्रवाह वळला की रेघा वळतात, दगड आला की फाकतात. सोपं करायला आधी बघावंच लागतं.

आपल्याकडचं बघायचं तर कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांची रंकाळ्याची, कोटितीर्थाची चित्रं बघा. ते कोटितीर्थाच्या काठीच राहायचे. पाण्यावर ब्रश किती कमी वेळा टेकवलाय ते मोजावंसं वाटतं.

सात_रस्ता
फेसाचं अजून अडायलंय. धबधबा आता बरा येतोय पण खाली पाणी वाहत निघतं त्यावरचा फेस म्हणजे कापूस टाकलाय नुसता.

ओलाकागद
फेस काढूच नका, फेसातली भोकं काढा. वाहत्या पाण्यावरचा फेस जाळीसारखा फाटत जातो, धबधब्याजवळ दाट, भोकं बारीक, जसजसा पुढं वाहतो तशी भोकं मोठी आणि प्रवाहाच्या दिशेनं लांबट. ती भोकं म्हणजे खालचं गडद पाणी. गडद रंगानं भोकं भरत गेलं की पांढरा आपोआप उरतो. आपल्यापासून लांबची भोकं चपटी करायला विसरू नका, हौदातल्या तरंगांचा नियम इथंही.

क्युसेक
मोबाइलवाल्यांसाठी एक. फोटो काढू नका, व्हिडिओ काढा, मोबाइल विटेवर टेकवून, हलू न देता, मिनिटभर. घरी स्लो करून बघा, जे दर वेळी परत परत त्याच जागी येतं तेवढंच चित्रात घ्या. हजारांश सेकंदाच्या फोटोत थेंब गोठतात, अर्ध्या सेकंदाच्या फोटोत सगळं पाणी गुळगुळीत पट्टी होतं, डोळ्याला या दोन्हीतलं काहीच दिसत नसतं. लोक हल्ली ती गुळगुळीत पट्टीच रंगवतात.

सात_रस्ता
या रविवारी हत्तरसंग कुडलला जायचं ठरवतोय, भीमा-सीनेचा संगम. शिलालेख पण बघायचा राहिलाय, शके ९४० चा. कुणी येताय का? सोबत असली तर दोन-तीन तास बसता येईल.

मास्तर_रिटायर्ड
मी येतो. संगमावर बघण्यासारखी गोष्ट अशी की एका नदीला नवं पाणी आलेलं असेल आणि दुसरीला नसेल तर दोन रंग शेजारी-शेजारी वाहतात, मधे एक शिवण दिसते, आणि त्या शिवणीवर छोटे भोवरे होतात. एका वॉशमध्ये दोन रंग सोडून ते मिसळायच्या आत थांबवायचे, हे कागदावर करून बघायचंय मला.

ओलाकागद
मी पण. सकाळी सहाला निघालो तर ऊन चढायच्या आत एक चित्र होईल. माझ्याकडं तीनशेचे तुकडे आहेत, सात_रस्ता दादांनी तो फुगणारा कागद आणू नये.

सीनाकाठ
घाटाच्या पायऱ्यांच्या खाली उतरू नका कुणी. पावसाळ्यात शेवाळ असतं आणि वरनं पाणी सोडलं की कळायच्या आत वाढतं. निघायच्या आधी विसर्ग किती चाललाय ते क्युसेक साहेबांना विचारून घ्या.

क्युसेक
शनिवारी संध्याकाळी इथंच टाकतो. आमच्या मंडळींना पण यायचंय म्हणतेय, गाडीत एक जागा धरा, शेंगाचटणी-भाकरी आमच्याकडनं.

बाळीवेसकर
मग मी पण येतो. चित्र नाही काढणार, भाकरी खातो.